सहावा महिना, तीन मजले, आत्यांचा चहा आणि मिरजेचं तिकीट

निळी_शाई | सोमवार, दुपारी १:१०

नमस्कार. बरेच महिने नुसतीच वाचत होते, लिहायचं धाडस आज करतेय. विषय घरगुती आहे, कंटाळा आला तर पुढच्या धाग्यावर जा.

वय २६, पहिलं बाळंतपण, तेविसावा आठवडा चालू आहे. चिंचवडला भाड्याचा वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. पहिली, दुसरी, तिसरी अशी पाळी दर आठवड्याला बदलते. मी एका सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीच्या रिटर्नचं बघते. माहेर मिरज, सासर फलटणजवळ एक गाव. सासूबाईंना मी आत्या म्हणते. उन्हाळा सरल्यावर त्या मदतीला इकडे आल्यात.

आधीच सांगते, हा सासूच्या तक्रारीचा धागा नाही. पहिले तीन महिने फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. नवरा बिचारा वरण-भात उकडून वरून कच्चं तेल घेऊन जेवायचा आणि मी कुरमुरे आणि कोकमाच्या सारावर दिवस काढले. आत्या आल्या आणि घरात परत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मला आता भूकही सणकून लागते.

पण आता मला ओट्याशी उभंच राहू देत नाहीत. "दोन जिवाची हाईस, बस की गं गप" म्हणतात आणि ताटात तिसरी भाकरी टाकतात. याउलट समोरच्या काकू रोज सांगतात, उकिडवं बसून फरशी पूस म्हणजे सुटका नीट होते. म्हणजे एकीच्या मते मी पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही आणि दुसरीच्या मते दोन्ही खोल्या पुसून काढायच्या.

गोळ्यांचंही तसंच. हिमोग्लोबिन १०.२ आलंय. लोहाची गोळी आत्या आठवणीने हातावर ठेवतात, पण सकाळच्या चहाबरोबर. कॅल्शियमची पण लगेच, "म्हंजे इसरायला नको". कुठेतरी वाचलं होतं की चहाबरोबर घेऊ नये. पण पहाटे पाचला उठून माझ्यासाठी चहा टाकणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं?

आणि मुख्य मुद्दा. आई म्हणते सातवा लागला की मिरजेला ये, पहिलं बाळंतपण माहेरीच. नवरा म्हणतो इथेच नाव घातलंय, डॉक्टर चांगल्या आहेत, इथेच राहा, मला बाळ जन्मताना जवळ असायचंय. आत्या मधे बोलत नाहीत, पण माऊलींची पालखी फलटणला मुक्कामी येते तेव्हा त्यांना गावी असायलाच हवं. घरी वारकरी उतरतात, पिठलं-भाकरीच्या पंगती असतात, ते त्यांचं वर्षाचं व्रत आहे. त्या गेल्या की परत कधी येतील हे पाऊस आणि शेत ठरवणार. आई इकडे येऊ शकत नाही, ती अंगणवाडी सेविका आहे, तिला एवढी सुट्टी कोण देणार.

तुम्ही काय केलं होतं? कसं ठरवलंत?


कोकमसार | सोमवार, दुपारी २:०५

अभिनंदन गं! मी ठाण्याची, दोन मुलं, दोन्ही वेळा आठव्या महिन्यापर्यंत नोकरी.

कामाचं सांगते. जे काम करताना धाप लागत नाही, पोटावर दाब येत नाही आणि पाय घसरायची भीती नाही, ते सगळं करायचं. पोळ्या लाटायच्या तर ओट्याशी पायाखाली छोटा पाट घ्यायचा आणि एक पाय आलटूनपालटून त्यावर ठेवायचा, कंबर खूप कमी दुखते. फरशी पुसायची हौस असेल तर मॉप आण. ओल्या फरशीवर घसरलीस तर काकू तुला उचलायला येणार आहेत का?

तिसऱ्या मजल्यावर सामान वाहायचं नाही. दूध, भाजी, किराणा यासाठी गॅलरीतून दोरीला पिशवी सोड. आमच्या चाळीत बायकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. दूधवाल्याला, भाजीवाल्याला एकदा सांगितलं की ते खालून हाक मारतात.

आणि कुणी मुंबईकर गरोदर मैत्रीण वाचत असेल तर तिच्यासाठी: लोकलच्या दिव्यांग डब्यात गरोदर बाईला बसता येतं. सोबत डॉक्टरांचा कागद ठेव. लोक भुवया उंचावतात, उंचावू देत. मी पहिल्या वेळी महिलांच्या डब्यात लोंबकळत गेले कारण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.


बाराभानगडी | सोमवार, दुपारी ३:३०

आमच्या आज्या भांगलण करता करता बांधावर बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन घरी यायच्या. आता तिसऱ्या मजल्यावर पण चर्चासत्र. चालू द्या.


वाड्यातली_आजी | सोमवार, दुपारी ४:१२

बाराभानगडी, मी ६९ वर्षांची आहे, माझ्याशी बोला. माझ्या सासूला बारा मुलं झाली, जगली पाच. माझी थोरली नणंद बांधावर नाही, पण बैलगाडीत बाळंत झाली आणि रक्त थांबेना म्हणून गेली. पाटी डोक्यावर घेऊन घरी आलेल्यांच्याच गोष्टी सांगायला उरतात. न आलेल्यांच्या कोण सांगणार?

निळी_शाई, बाळ, तुझं मी सावकाश लिहिते. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.


स्टेथो_आणि_शेवगा | सोमवार, रात्री ९:४८

स्त्रीरोग विभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुझ्या डॉक्टर सांगतील तेच शेवटचं, मी तुला तपासलेलं नाही.

गोळ्या: गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. १०.२ हा सौम्य आहे, घाबरायचं कारण नाही, पण गोळी अंगी लागली पाहिजे. चहातले घटक लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात शोषलं जात नाही. कॅल्शियमसुद्धा लोहाच्या आड येतं. म्हणून लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर तास-दीड तासाने, शक्यतो लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर. कॅल्शियम सकाळी आणि रात्री जेवणासोबत. दोन्हींमध्ये निदान दोन तासांचं अंतर. शौचाला काळी होते, पोट साफ होत नाही, हे चालायचंच. त्यासाठी पाणी, पेरू, पालेभाजी. पोट फारच दुखत असेल तर गोळी बंद करू नकोस, डॉक्टरांना ब्रँड बदलून माग.

आत्यांना कसं सांगायचं? चहावर बोट ठेवूच नकोस. "डॉक्टरांनी दुपारची वेळ लिहून दिलीय" म्हण. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोष्टीला सासवा मान देतात, हा माझा ओपीडीतला अनुभव. आम्ही कित्येकदा मुद्दाम कागदावर मोठ्या अक्षरात वेळ लिहून देतो.

खाणं: दोघांचं खायचं नसतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत गरोदरपणी रोजच्यापेक्षा सुमारे ३५० कॅलरी जास्त धरल्या आहेत. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध, झालं. तिसरी भाकरी नको वाटली तर त्याऐवजी उसळ किंवा अंडं माग. आत्यांचा मान राहील आणि तुला प्रथिनं मिळतील.

फरशी: उकिडवं बसल्याने सुटका सोपी होते असा पुरावा नाही. तब्येत ठणठणीत असेल आणि सवय असेल तर बसायला हरकतही नाही. चालणं सगळ्यांत चांगलं. जिने कठड्याला धरून, दमेपर्यंत नाही.

आणखी एक. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी होईल. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पिताना मळमळतं, डॉक्टरांना विचारून थोडं लिंबू पिळ. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. तेव्हा गार करून घोट घोट पी, पण वेळेत संपव.


निळी_शाई | सोमवार, रात्री १०:२०

स्टेथो ताई, मनापासून आभार. वडिलांना साखर आहे म्हणून त्या तपासणीची धाकधूक होतीच. गोळीची वेळ ऑफिसातल्या दुपारवर टाकते, म्हणजे चहाचा प्रश्नच नाही. कोकमसार ताई, दोरीची आयडिया नवऱ्याला दाखवली, तो आत्ताच दोरी शोधतोय.


तिसरी_पाळी | मंगळवार, सकाळी ६:५५

आत्ताच तिसरी पाळी करून घरी आलोय, म्हणून आयडी सार्थ. मीही त्याच पट्ट्यात, पण भोसरीत. बायकोचं बाळंतपण मागच्या वर्षी झालं. नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण अशा धाग्यांवर नवरा म्हणजे दोरी शोधणारा माणूस एवढाच उरतो.

आमच्याकडेही असंच, तिचं माहेर अहिल्यानगर जिल्ह्यात. ती सातव्यातच गेली. मी दर रविवारी जायचं ठरलं. ओव्हरटाइममुळे प्रत्यक्षात महिन्यातून एकदा जमलं. मुलगी झाली तेव्हा मी लाइनवर होतो, मोबाईल लॉकरमध्ये. पाळी सुटल्यावर कळलं. गेलो, बघितली, दुसऱ्या दिवशी परत. नंतर तीन महिने व्हिडिओवर बघायचो. ती घरी आली तेव्हा माझ्याकडे यायला मुलगी रडायची. ते बरं झालं नंतर, पण ते महिने गेले ते गेलेच.

खाजगी कंपनीत बापाला रजा द्यायची कायद्याने सक्ती नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस मिळतात, आपल्याला कंपनी जे देईल ते. तुझ्या नवऱ्याला म्हणावं एचआरला आजच विचार आणि लेखी घे. सुपरवायझर "बघू" म्हणतो त्याचा अर्थ नाही असा असतो.


दूरदेशी | मंगळवार, सकाळी ११:३०

मी स्टुटगार्टला असते. माझ्या वेळी नवरा पूर्णवेळ प्रसूतीच्या खोलीत होता, इथे ते गृहीतच धरतात. बाळंतपणानंतर सुईण घरी यायची, बाळाचं वजन करायची, माझे टाके बघायची, दूध पाजायला शिकवायची, आणि तिचे पैसे विम्यातून. नोकरीत आधी सहा आठवडे सुट्टीचा हक्क आणि नंतर आठ आठवडे तर कामावर यायचंच नाही असा कायदा.

ऐकायला छान वाटतं ना? आता उरलेलं. आईचा व्हिसा ९० दिवसांचा. आधी बोलावली तर बाळ महिन्याचं व्हायच्या आत ती परत जाणार, उशिरा बोलावली तर ऐन वेळी मी एकटी. शेवटी तारखेच्या दहा दिवस आधी बोलावली आणि मुलाने उशीर करून तिचे तेही दिवस खाल्ले. रात्री तीनला रडणारं पोर आणि बाहेर बर्फ, अशा वेळी मला सुईणपण नको होती आणि कायदापण नको होता. मला माझ्या आत्याच्या हातचा शेक आणि तेल लावून मिळणारी आंघोळ हवी होती.

तुला दोन्हीतलं एक निवडायचं आहे असं का धरून चाललीस? प्रसूती कुठे आणि नंतरचा सव्वा महिना कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.


घाटमाथा | मंगळवार, दुपारी १२:१५

दूरदेशी यांच्या शेवटच्या वाक्याला +१. पण चिंचवडला प्रसूती करून आठ-दहा दिवसांच्या बाळाला आणि ओल्या बाळंतिणीला खंबाटकी घाट उतरवून मिरजेला न्यायचं? टाके पडले असतील तर विचार करा. मी केलंय. गाडीत मांडीखाली उशी, दर तासाला थांबा, बाळाला पाजायला जागा नाही, टोलनाक्यावर रांग. परत कुणी सांगितलं तर पाया पडेन पण बसणार नाही.

जायचं तर आधीच.


रिकामटेकडा_नाही | मंगळवार, दुपारी १२:४०

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना काढला तेव्हापासून सगळा दक्षिण महाराष्ट्र आणि निम्मा उत्तर कर्नाटक तिथे औषधाला येतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेव्हा "इथल्या डॉक्टर चांगल्या आहेत" हा नवऱ्याचा मुद्दा मिरजेपुढे टिकत नाही. चिंचवड म्हणजे मोठं शहर आणि मिरज म्हणजे खेडं असं समजत असतील तर त्यांना एकदा स्टेशनसमोरून फिरवून आणा. तंबोरे पण दाखवा, सतारमेकर गल्ली जवळच आहे.

(मी मिरजेचा आहे हे ओळखलं असेलच.)


बाराभानगडी | मंगळवार, दुपारी १:०२

पोट कसं दिसतंय, पुढे टोकदार की पसरट? आंबट खावंसं वाटतं की गोड? लगेच सांगतो काय होणार ते.


लिंबाचं_लोणचं | मंगळवार, दुपारी १:२०

माझ्या वहिनीचं पोट टोकदार होतं आणि


संपादक | मंगळवार, दुपारी १:४५

वरचा प्रतिसाद अर्धवट कापला आहे आणि त्याखालचे दोन अप्रकाशित केले आहेत. बाळ मुलगा की मुलगी याचे अंदाज इथे चालणार नाहीत, गमतीतही नाही. या देशात १९९४ पासून त्यासाठी कायदा आहे आणि तो का करावा लागला हे सगळ्यांना माहीत आहे. बाराभानगडी, ही तुम्हाला समज.


बाराभानगडी | मंगळवार, दुपारी १:५०

सॉरी. जनरल नॉलेज म्हणून विचारलं.


वाड्यातली_आजी | मंगळवार, दुपारी ४:३०

आता लिहिते. माझी पहिली मुलगी १९७९ साली, सांगलीला माहेरी. तेव्हा माहेरी जायचं ते बाईला सासरच्या कामातून सुटका मिळावी म्हणून. सासरी दहाव्या दिवशी चुलीपुढे बसवायचे. माहेरी निदान आई म्हणायची, नीज गं जरा. एवढंच त्याचं कारण. शास्त्र वगैरे नंतर चिकटवलेलं. आता तुझ्या घरात तुला चुलीपुढे कोणी बसवत नाही, तुझी सासू तुला ओट्याशी उभी राहू देत नाही म्हणतेस. मग माहेरी कशासाठी जायचं हा प्रश्न नव्याने विचारायला हवा. आई हवी म्हणून, की रीत म्हणून? आई हवी असेल तर जा, खुशाल जा. रीत म्हणून जात असशील तर नको.

जुन्या गोष्टी सगळ्याच टाकाऊ नाहीत हं. मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरं गोळा करायला आत्ताच लाग. दुपटी, लंगोट, टोपडी, कुंची सगळं त्यातून होतं. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. बाळ यायच्या आधी काही आणायचं नाही असं कोणी म्हणालं तर म्हणावं आणलेलं नाही, घरातलंच फाडलंय.

अळिवाचे लाडू आत्ता नकोत, ते बाळंतपणानंतर. डिंकाचे पण तेव्हाच. कच्ची पपई खाऊ नकोस, तिच्या चिकाचा त्रास होतो. पिकलेल्या पपईला माझी काही हरकत नाही, पण घरात भांडण नको असेल तर तीही नको, बाजारात इतर फळं काय थोडी आहेत?


कोकमसार | मंगळवार, सायंकाळी ५:१०

आजी, ग्रहणाचं पण सांगा ना. माझ्या जावेला २०२५ च्या ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाला दुपारपासून पाणी पिऊ दिलं नव्हतं. विळी, सुरी, कात्री लपवून ठेवली. सातवा महिना होता तिला.


वाड्यातली_आजी | मंगळवार, सायंकाळी ५:४०

पंचांग उघडून बघायचं होतं. मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी पंचांगच वेध कमी सांगतं. त्या ग्रहणाचे वेध इतरांना दुपारपासून होते, गर्भवतीला संध्याकाळपासून. ज्याने पंचांग लिहिलं त्याला कळत होतं की या बाईला उपाशी ठेवायची नाही. घरातल्या माणसांनाच ते पान वाचायचा कंटाळा. मी तर माझ्या सुनेला ग्रहणात ताक दिलं, नातू आता कॅरम खेळतो.


स्टेथो_आणि_शेवगा | मंगळवार, रात्री १०:०५

आजींना साष्टांग. पोटातल्या बाळावर ग्रहणाचा काही परिणाम होत नाही, पण दिवसभर पाणी न प्यायल्याचा होतो. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चक्कर येऊन, लघवीला जळजळ होऊन येणाऱ्या बायका असतातच.

आता माहेरचा मुद्दा. डॉक्टर म्हणून मला गाव कोणतं याने फरक पडत नाही. फरक पडतो तो शेवटच्या आठवड्यात हातात फाइल नसलेली बाई दारात येते तेव्हा. रक्तगट माहीत नाही, आधीचे रक्तदाब माहीत नाहीत, सोनोग्राफी चिंचवडला कपाटात. म्हणून जायचं असेल तर चौतिसाव्या आठवड्याच्या आत जा, आणि त्याही आधी एकदा मिरजेला जाऊन तिथल्या डॉक्टरांकडे नाव घालून ये. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट मूळ प्रत आणि मोबाईलवर फोटो. तिथे रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी किती लांब आहे, हे विचारायला लाजू नकोस. बाळाला अतिदक्षता लागली तर त्याच इमारतीत आहे की दुसरीकडे न्यायचं, तेही विचार.

रक्तस्राव, पाणी जाणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, यातलं काही झालं तर धाग्यावर विचारायचं नाही, सरळ दवाखाना. हे सगळ्या वाचणाऱ्यांसाठी.


उंबरठा | बुधवार, सकाळी १०:२०

नोकरीचं कुणी बोललंच नाही. प्रसूती रजा २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. पण दुकान-ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असतील तरच ते लागू. निळी_शाई, तुमच्या ऑफिसात किती जण?


निळी_शाई | बुधवार, दुपारी १:३०

सरांना धरून सात. म्हणजे हक्क असा काही नाही. सर म्हणालेत तीन महिने पगार देतो, नंतर घरून जमेल तेवढं कर. बाई म्हणून मला ते चांगले वाटले, अकाउंटंट म्हणून वाटलं लेखी घ्यावं. मग मीच ऑफिसच्या लेटरहेडवर पत्र टाइप केलं आणि सहीला ठेवलं. हसले, पण सही केली.

मातृवंदना योजनेचा अर्ज आईने भरायला लावला, ती अंगणवाडीत इतरांचे भरते तर लेकीचा कसा सोडेल. पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात. आमचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या खाली आहे, त्या निकषात बसले. नोकरीतून कायद्याने पगारी रजा मिळत असती तर योजना लागू झाली नसती. एकाच वेळी लहान ऑफिसचा तोटा आणि फायदा.


तिसरी_पाळी | बुधवार, दुपारी २:१५

पत्र स्वतःच टाइप करून सहीला ठेवलं! नवऱ्याच्या एचआरकडे पण तुम्हीच जा.


निळी_शाई | शुक्रवार, रात्री ११:१५

उशीर झाला लिहायला. परवा रात्री नवऱ्याला दुसरी पाळी होती, तो साडेअकराला आला, आणि मी त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिसरी_पाळी यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला. मग गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतोय इथेच राहा."

आम्हाला वाटलं आत्या झोपल्यात. त्या आतून उठून आल्या आणि खाली भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "मी माझ्या आयकडं गेल्ते. तुज्या बापानं तुला सव्वा महिन्यानी बघितला. तवर मला एक पत्र न्हाई." नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. मग म्हणाल्या, "तिला जाऊ दे. पण तू बी जा. रजा काढ. पगार कापला तर कापला, मी ज्वारी धाडते."

मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आणि आजींचं ते वाक्य, आई हवी म्हणून की रीत म्हणून, ते मी दोन दिवस डोक्यात घोळवत होते. मला आई हवी आहे. रीत असती किंवा नसती तरी हवी असती.

तर ठरलं ते असं. पुढच्या आठवड्यात आत्यांना पालखीसाठी गावी सोडायचं. साखरेची तपासणी झाली की एका शनिवारी मिरजेला जाऊन तिकडच्या डॉक्टरांकडे नाव घालायचं, स्टेथो ताईंचे प्रश्न मी वहीत लिहून घेतलेत. तेहतिसावा आठवडा लागला की मी मिरजेला. नवऱ्याने एचआरला मेल टाकला, त्यांनी पाच दिवस दिले आणि वर आठ दिवस बिनपगारी मान्य केले, मेलवर. तारखेच्या आसपास पहिली पाळी लावून घेतोय, म्हणजे फोन आला तर संध्याकाळपर्यंत पोहोचेल. वेळेत पोहोचेलच याची खात्री कोण देणार. पण नंतरचे तेरा दिवस तो तिथे असेल, रात्री उठायला. आई दिवसा अंगणवाडीत असते, तेव्हा घरी माणूस लागणारच आहे, हे आम्हा दोघांच्या आधी लक्षातच आलं नव्हतं, आत्यांनी दाखवलं.

मधल्या काळात मी आणि नवरा दोघंच. समोरच्या काकूंनी दुपारची भाजी द्यायचं कबूल केलंय. फरशीचा आग्रह मात्र सोडलेला नाही.


घाटमाथा | शनिवार, सकाळी ९:००

उत्तम. आता जायचं कशाने? एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून एसटीच्या मोहात पडू नका. सहा तास, आणि दर तासाला लघवीला जावं लागणारी बाई. पुण्याहून रेल्वेने दिवसा जा, कोयना बरी. गाडीत उठून दोन पावलं चालता येतं आणि शौचालय आहे, या दोन गोष्टींपुढे बाकी सगळं माफ.


निळी_शाई | शनिवार, सकाळी ९:४०

आई एसटीच म्हणत होती, अर्ध्या तिकिटासाठीच! तिला तुमचा प्रतिसाद पाठवला. कोयनेचं तिकीट काढतो.


रिकामटेकडा_नाही | शनिवार, सकाळी ९:५५

मिरजेत स्वागत आहे. स्टेशनवरून रिक्षा करताना आधी भाडं ठरवा.


लिंबाचं_लोणचं | शनिवार, सकाळी १०:३०

आणि डोहाळजेवण? ते कुठे, चिंचवडला की मिरजेला? झोपाळ्यावरचं की चांदण्यातलं? फुलांची वाडी ताजीच घ्या, प्लॅस्टिकची नको. माझी नणंद पुण्यात करून देते.


निळी_शाई | शनिवार, सकाळी ११:०५

बापरे, तो वेगळाच वाद आहे. आईला मिरजेत हॉल घ्यायचाय, आत्यांना गावी अंगणात, पन्नास बायका आणि शेवयाची खीर. मला हिरवी साडी आणि भरपूर कैरीची डाळ एवढंच हवंय, पण कैरीचा मोसम संपला.


बाराभानगडी | शनिवार, सकाळी ११:१०

पेढा की बर्फीचा खेळ ठेवणार का? वाटी उघडल्यावर काय निघालं ते नक्की कळ


संपादक | शनिवार, सकाळी ११:१२

बाराभानगडी.


बाराभानगडी | शनिवार, सकाळी ११:१३

मी पेढ्यांबद्दल विचारत होतो हो. सातारचे कंदी आणले तर मलाही द्या म्हणून.


निळी_शाई | पुढच्या आठवड्यात, गुरुवार, दुपारी ३:२०

साखर १२८. काकूंनी ऐकल्या ऐकल्या शिरा आणून दिला.